जोर लावायचा नाही

आमचे हे जन्मभर लोकांचे तुंबलेले पाईप मोकळे करत आले, आणि आता ह्यांच्याच छातीतून एक नळी बाहेर आलेली. तिचं आतलं टोक थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत. सगळं औषध त्यातूनच जातं. ती तुंबू नये म्हणून सिस्टर रोज मिठाच्या पाण्याची मोठी सिरिंज लावते. थोडं ढकलते, थांबते, पुन्हा थोडं ढकलते. ह्यांना ते बघवत नाही.

"अहो सिस्टर, हे काय भीत भीत? एकदा दणकून जोर लावा, काय असेल ते साफ!"

"काका, थांबत थांबत ढकललं की पाणी आत घुसळतं, नळी आतून धुतली जाते. आणि अडलं तर जोर लावायचाच नाही. नळी फाटते."

त्या दुपारी खरंच अडलं. सिस्टरने नळीचा चिमटा उघडा आहे ना ते पाहिलं. ह्यांना हात वर करायला लावला, मान वळवायला लावली, खोकायला लावलं. हे असे खोकले की शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ दचकून उठून बसले. पाणी काही सरकेना.

"शर्टाची बटणं काढा काका, वरपर्यंत बघू."

"नको, गारठा आहे."

पंखा गरागरा फिरत होता, आणि तो ह्यांनीच लावायला सांगितला होता.

सिस्टर डॉक्टरांना फोन करायला गेली. नळी बाद झाली तर नवी घालावी लागणार, आणि ती मानेतल्या शिरेतून आत सरकवतात. मागच्या वेळी ती शीर सापडेना म्हणून तासभर ह्यांच्या मानेत सुया टोचत होते. मी देवाचा धावा सुरू केला. आणि हे? गप्प. चाळीस वर्षांच्या संसारात हे दोनदाच असे गप्प बसलेत, आणि दोन्ही वेळा चूक ह्यांची होती.

मी सरळ बटणं काढली. आत नळीची घडी घालून ती दोऱ्याने बनियनच्या पट्टीला करकचून बांधलेली. गाठ ओळखीची. आमच्या मोरीतला पाईप त्याच गाठीने टांगलाय.

"लोंबत होती," हे पुटपुटले. "कुठे अडकून निघाली असती, तर पुन्हा मानेत..."

हा माणूस इतका घाबरलाय आणि मला पत्ताच नाही! रागही आला, रडूही आलं.

मी गाठ सोडतेय तोवर सिस्टर परत आली. तिने पुन्हा सिरिंज लावली. थोडं ढकललं, थांबली, पुन्हा ढकललं. पाणी सुरळीत आत गेलं. मग तिचं लक्ष माझ्या हातातल्या दोऱ्याकडे गेलं.

"हे कोणी बांधलं होतं?"

ह्यांचा चेहरा उतरला.

"मी," म्हटलं. "माझंच चुकलं."

सिस्टरने मला सगळ्यांदेखत झाप झाप झापलं. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, "जाऊ द्या हो सिस्टर. हिला पाईपातलं काही कळत नाही."

घरी चला, मग बघते, असं मनात म्हटलं. पण चादरीखाली ह्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता, की तो सोडवायला मी काही जोर लावला नाही.