माझे चार व्होल्ट कुणी खाल्ले?

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे, त्यामुळे हळू आवाजात काही सांगणं मला जमत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. एक निळी बोट रोज खाडीतून माणसं ने-आण करते, तिच्या छपरावर मी बसतो. तिथे माझं काय काय झालं ते सांगायला मी कधीचा टपून बसलोय.

जन्माचं भराभर उरकतो, खरी गंमत पुढे आहे. एका कारखान्यात पत्रा दाबून माझं तोंड केलं, पोटात एक पातळ चकती बसवली आणि तिच्यामागे तारेचं वेटोळं. वीज आली की चकती थरथरते आणि मी ओरडतो, एवढंच माझं शिक्षण. तपासणाऱ्या बाईंनी मला एकदा वाजवलं, कानातला कापूस आणखी आत ढकलला आणि म्हणाल्या, "याला कुठेतरी लांब पाठवा." तो मी थेट बोटीवर आलो.

बोट चालवतात कप्तान. दोर आणि प्रवासी सांभाळते त्यांची बायको, तिला सगळे काकू म्हणतात. खाडीच्या मध्यावर एक वळण आहे, त्याच्या पलीकडून काय येतंय ते अजिबात दिसत नाही. तिथे मी एकदा लांब ओरडायचं. मग पलीकडचा धक्का जवळ आला की एक लांब, एक आखूड. ते ऐकलं की तिकडचा शिंपी गळ्यातली टेप न काढताच दुकानातून निघायचा, शाळेतल्या बाई पर्सची चेन लावत लावत यायच्या. घड्याळ कुणी बघायचंच नाही. एक आजी तर म्हणायच्या, "आमच्या घरात माझं कुणी ऐकत नाही, या भोंग्याचं मात्र सगळे ऐकतात." असलं काही ऐकलं की मी दिवसभर फुगून असायचो. अशी बावीस वर्षं गेली.

आता कप्तानांचा नाद सांगतो. रंगवायचं! दरवर्षी आठ दिवस बोट बंद ठेवून ते ती घासूनपुसून निळी करतात. बाकं निळी, बादली निळी, चहाची किटलीसुद्धा निळी. काकू म्हणतात, "मी एका जागी फार वेळ बसत नाही. या माणसाचा नेम नाही, मलाही एक हात मारतील."

यंदाही रंग झाला, वाळला, आणि पहिल्याच फेरीला वळणावर कप्तानांनी बटण दाबलं. मी सगळा जीव एकवटून ओरडलो आणि बाहेर काय आलं, तर "भॅऽ". सर्दी झालेली शेळी बरी. समोरून वाळूची मोठी बोट आली ती एकदम अंगावरच. कप्तानांनी सुकाणू फिरवलं म्हणून वाचलो. त्या बोटीवरचा माणूस ओरडला, "ओ कप्तान, भोंगा वाजवा की. शेळ्या कधीपासून पाळायला लागलात?"

सगळे हसले. कप्तान हसले नाहीत. भोंग्याशिवाय ते वळण घ्यायचं नाही, म्हणून त्यांनी बोट मागे वळवून आपल्या धक्क्याला बांधून टाकली. बॅटरी चार्ज करून पाहिली. तरी भॅ. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हातारा झाला हा. नवा आणतो."

मित्रांनो, पुढे काय झालं असेल? मला खोलून बादलीत टाकलं, गंजक्या खिळ्यांच्या शेजारी, भंगारात द्यायला. माझ्या जागी नवा चकचकीत भोंगा चढला. काकूंनी बटण दाबलं.

"भॅऽ."

हसू नये कुणाला, मला कळतं. पण मी त्या बादलीत असा हसलो म्हणून सांगू.

काकू म्हणाल्या, "दोन्ही शेळ्या कशा निघतील हो? वन्संना बोलवा."

वन्सं म्हणजे कप्तानांची थोरली बहीण. बोटींची वायरिंग करते, धक्क्यावर सगळे तिला आक्का म्हणतात. आक्का आली ती मीटर घेऊनच. आधी बॅटरीवर लावलं. साडेबारा व्होल्ट. मग भोंग्याच्या दोन वायरींवर लावलं. तिथेही साडेबारा.

कप्तान म्हणाले, "ताई, ते मीही पाहिलं. वीज पुरेपूर पोचतेय."

"बाळ्या, झोपलेल्या माणसाला विचारतोस का, पोतं उचलशील म्हणून? भोंगा गप्प असताना काय मोजतोस? बटण दाब."

काकूंनी दाबलं. नवा भॅ करत राहिला आणि मीटरचा आकडा घसरला तो आठावर. तसंच बटण दाबून ठेवून आक्कानं बॅटरी पाहिली, तिथे बारा होते.

"बारा निघाले, आठ पोचले. मधले चार कुणी खाल्ले?" आक्का म्हणाली.

"वायर जुनी असेल," कप्तान.

"असेल-नसेल नको. बघू." तिनं भोंग्याकडे जाणारी वायर टोकापासून टोकापर्यंत तपासली, वायरीनं काही खाल्लं नव्हतं. "जाताना वीज नीट जातेय. पण तिला परतही यायचं असतं रे, बॅटरीकडे. ती वाट कुठेय?"

बाकाखाली होती. तिथे पितळेची एक पट्टी आहे, बोटीतल्या सगळ्या परतीच्या वायरी तिच्यावर बोल्टांनी आवळलेल्या असतात. आक्का टॉर्च घेऊन बाकाखाली शिरली.

मग आतून आवाज आला, "बाळ्या, ही पट्टी निळी का आहे?"

कप्तान मान खाजवायला लागले. "हिरवट पडली होती गं. वाईट दिसत होती."

"आणि वायरी?"

"सोडवून ठेवल्या होत्या. दोन हात दिले, वाळू दिलं, मग परत नीट आवळल्या."

"रंगावर? रंगातून वीज धड जाते का रे?"

काकू म्हणाल्या, "किटलीच्या वेळीच अडवायला हवं होतं मी."

आक्कानं मेन स्विच बंद केला, बोल्ट सोडले, पॉलिश पेपरनं पट्टी घासून पिवळीधमक केली, वायरींची टोकं घासली, सगळं घट्ट आवळलं आणि वरून व्हॅसलीनचं बोट फिरवलं. स्विच चालू. बटण. आणि नवा भोंगा असा कडाडला की धक्क्यावरचे बगळे उडाले.

सगळे खूश झाले, एक मी सोडून. कारण नवा आता झकास वाजत होता आणि मी बादलीतच होतो. "लागलाय तर राहू दे हाच," असं म्हणून कप्तानांनी बोट सोडली. वळणावर नवा ओरडला, वाळूची बोट बिचारी लांबच थांबली. त्याचं काम चोख होतं, खोटं कशाला बोलू.

पलीकडचा धक्का आला. बोट बंद म्हणून तिकडची माणसं घरी, दुकानात परत गेली होती. नव्यानं हाक दिली, एक लांब, एक आखूड. कुणी आलं नाही. पुन्हा दिली. तिकडे खिडकीतून एक डोकं बाहेर आलं, आत गेलं.

काकू म्हणाल्या, "अहो, त्यांना वाटतंय दुसरीच कुठली बोट आली. हा आवाज ओळखतंय कोण?"

मग कप्तानांनी बादलीत हात घातला, मला शर्टाला पुसलं, आणि दोन बोल्ट, दोन वायरी, मी माझ्या जागी. बटण दाबलं. बारा व्होल्ट, मित्रांनो, पूर्ण बारा. कित्येक वर्षांत एवढी वीज माझ्या पोटात आली नव्हती. मी ओरडलो.

गल्लीच्या तोंडाशी आधी शिंपी दिसला, पळत. मग बाई, मग दूधवाला, आणि सगळ्यांच्या मागे आजी, काठी उगारत, "थांबा रे, मी आलेय," म्हणत. कप्तानांनी छपरावर चढून माझ्या पाठीवर थाप मारली आणि कुणाला दिसू नये म्हणून घाईघाईनं डोळे पुसले. नवा आता जोडीदार म्हणून खाली पेटीत राहतो, माझं बरंवाईट झालं तर.

म्हणून सांगतो मित्रांनो, आपल्यातल्या कुणाचा आवाज बारीक झाला तर लगेच त्याला बादलीत टाकू नका. त्याच्यापर्यंत काय पोचतंय ते आधी बघा. आणि बघायचं ते तो जीव तोडून काम करत असताना. गप्प बसलेला असताना काय, सगळे साडेबाराच दाखवतात.