कानिफची थोरली

पाथर्डी तालुक्यातल्या बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, आणि तेही चारजणींनी कोपरखळ्या मारल्यावर. द्वारका मात्र दर आठवड्याला पोस्टाच्या पाकिटावर आणि आतल्या कागदावर नवऱ्याचं नाव ठसठशीत लिहीत होती. वर 'चिरंजीव', खाली 'तुझी ताई'.

हे सोंग कशासाठी, तर कानिफनाथ अग्निवीर झाला होता, आणि लग्न झालेल्याला अग्निवीर होता येत नाही. पुढची चार वर्षंही लग्नाचं नाव काढायचं नाही. यांचं तर ऊसतोडीची टोळी निघायच्या आधी गावच्या मारुतीपुढे उरकलं होतं, कारण तोडीला जोडपंच लागतं, जोडपं म्हणजे एक कोयता. नोंद कुठेच नव्हती. गावानं 'अविवाहित' असा दाखला डोळे झाकून दिला. गावचं पोरगं वर्दीत चाललंय म्हटल्यावर तोंड कोण उघडतो?

"जावा तुमी," असं द्वारकाच म्हणाली होती. "चार वर्षात काय म्हातारी हुते का मी?" फडावर कापलेल्या उसाच्या रानातून तो पहाटे धावायचा तेव्हा मोबाईलवर वेळ तीच लावायची. त्याच्या अंगावरची वर्दी आधी तिनं पाहिली, मग त्यानं.

ट्रेनिंगचं सेंटर नगरलाच, एसटीनं एका सकाळच्या अंतरावर. पण जवळ असून उपयोग काय? जायचं कोण म्हणून? फोन पोरांकडून काढून घेतलेले, म्हणून पत्रं. आणि बराकीत पत्र एकाचं आलं तरी वाचणार सगळे. बायकोनं लिहिलेलं एक वाक्य कुणाच्या नजरेला पडलं असतं, तर दाखल्यासकट सगळं उघडं पडलं असतं.

तोड काढली ती सासूनं, बायडाबाईनं. "थोरली भैन हो त्याची. लगीन झालेली, म्हायेराला आलेली. धाकटीचं कोन ऐकतंय? थोरलीचा धाक ऱ्हातो."

धाकाची गरज होतीच. कानिफचं पहिलं पत्र रडकं आलं. पायाला फोड, कवायत घेणाऱ्या उस्तादाच्या शिव्या, अंगात ताप. शेवटी लिहिलं होतं, 'मी निघून येतो.' द्वारकानं दुपारभर विचार केला आणि उत्तर लिहिलं, 'अरे कानिफ, फोड सगळ्यांच्याच पायाला येतात. पाचटावर अनवाणी पळणारा तू, तिथल्या मैदानाला भितोस होय? पळून आलास तर उंबऱ्याच्या आत घेणार नाही.'

लिहून झाल्यावर तिनं ते पुन्हा वाचलं आणि पदर तोंडाशी धरून हसली. जन्मात ज्याला 'अहो'शिवाय हाक मारली नाही, त्याला 'अरे' म्हणण्याची चव काही न्यारीच होती. पुढच्या पत्रात कानिफनं कळवलं, 'ताई, तुझं पत्र सगळ्या बराकीनं वाचलं. सोनईचा हर्षल म्हणतो, अशी ताई मलापण पाहिजे.' निघून येण्याची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही.

स्वतःचं जे काही होतं ते द्वारका सासूच्या नावावर खपवायची. 'आईला घास गिळवत नाही. आई तुझा जुना शर्ट उशाला घेऊन झोपते.' बायडाबाई तर भिंतीला पाठ लागली की घोरायची. शर्ट कुणाच्या उशाला होता ते कानिफला बरोबर कळायचं. 'आईला सांग, मलापण झोप लागत नाही,' असं तो लिहायचा, आणि ती ओळ द्वारका पाठ होईपर्यंत वाचायची.

मग पत्रात फायरिंगचे मार्क आले, दौडीतला पहिला नंबर आला. तिला अभिमान वाटायचा, नाही असं नाही. पण आईसाठीची ओळ आखडत गेली. 'आईला सांग, काळजी करू नको.' नंतर नुसतंच, 'आईला नमस्कार.' पुढे तेही गळालं. पत्र आता खरोखरच बहिणीला लिहिल्यासारखं वाटायचं.

श्रावणात त्यानं लिहिलं, 'ताई, सगळ्यांच्या राख्या आल्यात. उस्ताद विचारतो, एवढी पत्रं लिहिणारी तुझी बहीण राखी कशी पाठवत नाही? एक पाठव, नाहीतर तो पुन्हा विचारेल.'

द्वारकानं ते वाचून दाखवलं आणि बायडाबाईनं हातातलं सूप खाली आपटलं. सोंग तिनंच रचलेलं, पण इथं ती अडली. "न्हाई. कागदावर काय बी लिव्ह, कागद जाळता येतो. पर राखी बांधली की त्यो भाऊ झाला. नवऱ्याला कुनी राखी धाडतं का, ये बये?"

"पर त्यांची नोकरी, आत्या?"

"चुलीत घाल ती नोकरी."

घालता आली असती तर! द्वारका दुसऱ्या दिवशी पाथर्डीला गेली. स्टँडजवळच्या दुकानदारानं राख्यांचं खोकं पुढे केलं आणि विचारलं, "सख्ख्या भावाला का?" ती म्हणाली, "व्हय." साधा लाल गोंडा निवडला. पाकिटात घातल्यावर तिनं आधी देवाच्या पाया पडून माफी मागितली, मग पाकीट चिकटवलं. त्या दिवशी ती जेवली नाही. बायडाबाईनंही विचारलं नाही.

ट्रेनिंग संपताना शपथ देतात त्या कसम परेडला घरच्यांना बोलावणं आलं तोवर तोडीचा हंगाम लागला होता. सासरे टोळीबरोबर गाड्या भरायला गेले होते. नवऱ्याविना द्वारकाचा कोयता अर्धाच, म्हणून ती घरी होती. सासू-सून पहिल्या एसटीनं नगरला गेल्या.

ताठ मानेच्या शेकडो पोरांत तिनं त्याला चालीवरून ओळखलं. परेड सुटली, तो आला, आईच्या पाया पडला. मनगटावर विटलेला लाल गोंडा अजून होता. मागोमाग उस्ताद आला, हसतमुख, मिशीवाला.

"यही है वो चिट्ठीवाली दीदी?"

"जी, उस्ताद," म्हणत कानिफ वाकला आणि चारचौघांत त्यानं बायकोच्या पायांना हात लावला. पाय मागे घ्यावा तर सोंग उघडं पडतं, न घ्यावा तर पाप. द्वारका जागच्या जागी उभी राहिली.

"और जीजाजी नहीं आए?"

"गन्ना काटने गए हैं, उस्ताद," कानिफ म्हणाला. कुठे अडखळला नाही, नजर चुकवली नाही. तो अडखळला असता तर तिला बरं वाटलं असतं.

परतीच्या एसटीत सुट्टीवर निघालेला कानिफ पुढच्या बाकावर होता. द्वारका त्याच्या पाठीकडे बघत होती. फडावर तिच्या शेजारी वाकून ऊस तोडणारा, मोळी डोक्यावर देताना तिच्या मानेला हळूच हात लावणारा गडी तिचा नवरा होता. तो कुठे गेला ते कानिफनं उस्तादाला बरोबर सांगितलं होतं.

घरी पोचले तेव्हा ऊन कलत होतं. बायडाबाईनं दार लोटून घेतलं. आत तिघांशिवाय कुणी नव्हतं, कुणापासून काही लपवायचं नव्हतं. कानिफनं बूट काढले, खाटेवर अंग टाकलं, डोळे मिटले.

"ताई, पाणी दे गं."

बायडाबाईचा हात कडीवरच राहिला. "अरं मेल्या, कुनाला म्हनतो?"

कानिफ ताडकन उठून बसला. "चुकून... सवय झाली. लई दिवस..." तो मनगटावरचा गोंडा ओढायला लागला, पण गाठ बसलेली होती.

द्वारकानं माठातून तांब्या भरला आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिला राग नव्हता. 'अहो, घ्या,' एवढंच म्हणायचं होतं, पूर्वी म्हणायची तसं. तिनं तोंड उघडलं, आणि ओठावर आलं ते 'अरे कानिफ'. तिनं ते गिळलं. पुन्हा प्रयत्न केला. 'अहो' काही केल्या निघेना. शेवटी तिनं तांब्या त्याच्या हातात न देता खाटेच्या कडेला ठेवला आणि चुलीकडे गेली.