ड्रॅगनच्या पोटातलं गाव

आमच्या गावात ईस्टरच्या मिरवणुकीत रेशमी चिनी ड्रॅगन निघतो; माणसं त्याच्या पोटाखाली शिरून तो चालवतात. माझ्या लहानपणी बाबा त्याचं डोकं धरायचे. वर्षभर पेटीत राहिलेल्या रेशमाचा तो वास मला अजून आठवतो. बाबांनंतर डोकं दादाकडे आलं.

साथ ओसरली त्या वर्षी, कारंज्याजवळच्या बेकरीपुढे गावातलाच डेस दादाच्या बुटांवर थुंकला. "रोग आणलात तुम्ही. जा आपल्या देशात!"

आमचे पणजोबा चीनहून इथे ऑस्ट्रेलियात सोनं खणायला आले होते. दादाला दुसरा देश ठाऊकच नव्हता. घरी येऊन तो म्हणाला, "यंदा ड्रॅगन नाही. आपण मेलबर्नला माझ्या लेकीकडे जाऊ. कायमचे."

मला जायचं नव्हतं. मी मिरवणुकीची झांज घासायला घेतली.

बातमी गावभर झाली आणि शुक्रवारी सगळं गाव आमच्या दारात. "लूए, आम्ही तुमच्या बाजूने आहोत," फुटबॉल क्लबचा नॉर्म दादाला म्हणाला. "आम्हाला ड्रॅगनखाली घ्या."

दादा विरघळला. त्याने साठ माणसं निवडली, पण बाकीचे हलेनात. "याला घेतलं, मग मला का नाही? मी काय वर्णद्वेषी आहे?" शेवटी शेपटीला चादरी, तंबू, क्लबची ताडपत्री जोडली. महापौर आत गेले, पोलीस गेला, पाद्री गेला. बँडवालेसुद्धा वाद्यं टाकून गेले.

मिरवणूक निघाली आणि रस्ता ओस. मी झांज वाजवत पुढे चालले होते.

"दादा, बघायला कुणीच नाही रे."

"कुणीच?" जबड्यातून आवाज आला.

"बेकरीपुढे डेस आहे."

कारंज्याशी कुणी टाळ्या वाजवल्याशिवाय ड्रॅगन वळवायचा नाही, हा बाबांचा नियम. दादा थांबला. मागे सगळं गाव एकमेकांवर आदळलं.

"डेस, टाळ्या वाजव."

"नाही वाजवणार."

"वाजव ना रे!" पोटातून त्याच्या बायकोचा आवाज आला. "माझी कंबर गेली!"

"ग्लेनिस? तू आत काय करतेस?"

"सगळेच आत आहेत. फ्रीजमधलं मटण खाल्लंस का?"

डेस रडकुंडीला आला. "मग मलाही घ्या की आत. एकटा काय करू बाहेर?"

शेपटीकडे जागा करायला सरकासरकी सुरू झाली.

"खबरदार!" दादा गरजला. "एवढा एकच प्रेक्षक आहे आपल्याकडे! थुंकलास तिथेच उभा राहा."

डेसने खाली पाहिलं. मग हळूच टाळी वाजवली.

"ऐकू नाही आलं!" ताडपत्रीखालून कुणीतरी ओरडलं.

त्याने जोरात वाजवली. "थुंकायला नको होतं मी," तो म्हणाला.

"नको होतंच. टाळ्या थांबवू नकोस."

शेपटी वळेपर्यंत दुपार टळली. डेसचे हात लाल झाले होते.

घरी दादा गरम पाण्यात पाय सोडून बसला. "पुढच्या वर्षी निम्म्यांना फुटपाथवर उभं करायला हवं. आत्तापासून समजवावं लागेल. ऐकणार नाहीत लेकाचे."

मेलबर्नहून फोन वाजत होता.

"तूच घे," दादा म्हणाला. "सांग तिला, मला सवड नाही."