मिक्सर चालू ठेव

आमच्या सुतारकामाच्या कारखान्यात एक पद्धत होती. मशीन चालू असलं की बोलायचं, बंद झालं की गप्प. कारण मशीन बंद म्हणजे माप चालू. मापाच्या वेळी कोणी तोंड उघडलं तर मिस्त्रीकाका कानावरची पेन्सिल काढून फेकून मारायचे. नेम पक्का. त्यामुळे आमच्या सगळ्या गप्पा मशीनच्या घरघरीत, बोंबलून. कोणाचं लग्न मोडलं, कोणाची सासू राहायला आली, सगळं ओरडून. तोंडात भुसा जायचा, तरी ओरडायचो.

मग साथ आली. कारखान्याला कुलूप.

सगळ्यांना फोनवर जमवायचं खूळ माझंच. खरं कारण मिस्त्रीकाका. काकू गेल्यापासून एका खोलीत एकटेच. फोन केला की म्हणायचे, "मी मजेत," आणि ठेवून द्यायचे. मजेत असलेला माणूस इतक्या पटकन फोन ठेवत नाही.

चौघं पडद्यावर आलो. मी, काका, मशीनवर असायचा तो ढोल्या आणि पॉलिशवाल्या ताई. काकांचं नुसतं कपाळ दिसत होतं.

"बरे आहात ना?"

"बरा."

"ताई?"

"बरी."

संपलं. एरवी गळा फाडणारी माणसं, पण खोलीत शांतता, म्हणजे तोंड बंद. सवयच तशी.

रोज हेच. शेवटी एक दिवस काका फोन लांब धरून, पहिल्यांदाच अख्खा चेहरा दाखवत म्हणाले, "पोरा, उद्यापासून मला नको लावूस. उगाच तुमचा खोळंबा."

हे आता गेले की परत फोन उचलणार नाहीत, मला माहीत होतं.

तेवढ्यात ढोल्याच्या मागे त्याच्या आईने मिक्सर लावला. घर्रर्र!

आणि ढोल्या बोंबलला, "काकाऽ! दाढी कसली वाढवलीय? साधू झालात काय?"

"तुझ्या बापाचं काय जातं रे!" काका त्याच्या वरताण ओरडले. "आरसा फुटलाय माझा!"

"आणि जेवता काय?" ताईंचा आवाज.

"करपलेला भात! रोज!"

"गॅस मोठा ठेवत असाल! बारीक करा, बारीक!"

"ती कधी सांगून गेली नाही ना!" काका म्हणाले, आणि काकूंबद्दल बोलतच सुटले. ओरडून ओरडून. डोळे पुसत.

मिक्सर थांबला. चौघंही गपकन गप्प. काकांचा हात आपोआप कानावर गेला, पेन्सिलीकडे. पेन्सिल कुठली तिथे! हसून हसून मुरकुंडी वळली आमची.

"ढोल्या, आईला म्हणावं, चालू ठेव," काका म्हणाले.

"अहो, रिकामा फिरवू काय? जळेल ना!" आतून आई.

मग माझ्या मोबाइलमध्ये मशीनचा एक जुना व्हिडिओ सापडला. कुलूप उघडेपर्यंत रोज तोच लावला.

आता नवीन मशीन आलंय. आवाजच नाही. कधीही बोलता येतं, म्हणून कोणी फारसं बोलत नाही. काकांचे गुडघे गेले, ते येत नाहीत. पण त्यांनी मिक्सर घेतलाय. अजून धड भात जमत नाही, आणि मिक्सर!

जेवणाच्या सुट्टीत फोन वाजतो. हॅलो नाही, काही नाही. आधी घर्रर्र.

मी कारखान्याच्या आवारात पळतो आणि बोंबलायला लागतो.