मेरिटने सोडलेली सही

सरकारी पत्र गुरुवारी सकाळी आलं. बायकोला, मेरिटला, जाऊन तेव्हा सहा आठवडे झाले होते. ऑरिन हाल्वोरसनने ते फाटकाशी उभ्याउभ्या वाचलं, घरात येऊन चष्मा लावून पुन्हा वाचलं. मजकूर तोच होता. मेरिटने सहा वर्षं जी पत्रं धाडली, त्यातलं एकही सरकारच्या लेखी भरपाईची मागणी नव्हतं.

शायेन नदीच्या बांधावर पंपघर बांधायचं काम ऑरिनने घेतलं होतं. सरकारी नकाशात खाली मऊ चिकणमाती दाखवली होती. खणल्यावर निघाले गाडीएवढे धोंडे. पोकलेन उभं राहिलं, माणसं बसून राहिली. काम ऑरिनने पुरं केलं, पण स्वतःच्या खिशातून. सरकारकडून त्याची भरपाई आली नाही तर पोकलेन विकावं लागणार होतं, आणि पोकलेन गेलं की धंदा गेला.

हे सगळं मेरिट पाहत होती. ऑरिनने खणायचं आणि मेरिटने लिहायचं, अशी त्यांची एक्केचाळीस वर्षांची वाटणी. चेकवर, कराच्या कागदांवर, मुलीच्या शाळेच्या चिठ्ठ्यांवर ऑरिनची सही मेरिटच ठोकायची.

त्याने पत्रावरच्या क्रमांकाला फोन लावला. कंत्राट अधिकारी मिस पेट्रोस्की स्वतःच बोलल्या.

"तुमच्या मिसेसची सगळी पत्रं मी वाचलीत, मिस्टर हाल्वोरसन. चांगली लिहायच्या. पण त्यांनी दर वेळी 'विचार व्हावा' असं लिहिलं. 'निर्णय द्या' असं एकदाही नाही."

"ती सभ्य होती," ऑरिन म्हणाला.

"हो ना. पण कायद्याला नेमका आकडा लागतो, अंतिम निर्णयाची मागणी लागते. आणि मागणी लाख डॉलरच्या वर असली तर प्रमाणपत्र. म्हणजे हा हिशेब माझ्या माहितीप्रमाणे खरा आणि पूर्ण आहे, असं मालकाने सहीनिशी लिहून द्यायचं."

"कधीपर्यंत?"

"धोंडे लागले त्याला सोमवारी सहा वर्षं होतात. मंगळवारी आलात तर मला काहीच करता येणार नाही."

दुपारी मेरिटची थोरली बहीण सॉल्वेग हॉटडिशचं, म्हणजे ओव्हनमध्ये भाजायच्या बटाट्यांचं, भांडं घेऊन आली. रोज यायची. ऑरिन मेरिटच्या टेबलाचे खण उपसत होता.

"काय हरवलंय?"

"सगळंच," तो म्हणाला, आणि तेवढ्यात खालच्या खणात जाड पाकीट हाताला लागलं. आत मागणी तयार होती. आकडा होता, एक लाख बेचाळीस हजार सहाशे. 'अंतिम निर्णय द्यावा' हेही होतं. म्हणजे शेवटी शेवटी तिच्या ते ध्यानात आलं होतं. सर्वांत वर प्रमाणपत्राचा कागद होता. सहीची जागा कोरी, शेजारी पेन्सिलीने फुली, आणि वर पिवळी चिठ्ठी डकवलेली.

'ऑरिन, ही तूच कर. आधी सगळं वाच.'

सॉल्वेगने चिठ्ठी वाचली आणि नाक ओढलं. "मग काय, कर सही. पोस्ट पाचला बंद होतं."

"ती वाच म्हणतेय."

"अरे, सहा वर्षांच्या वह्या आहेत त्या! आणि तुला सही तरी येते का? बँकेत जाऊन स्वतःच्या हाताने केलीस, तर चेक परत येईल."

ऑरिन हसला. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच. मग म्हणाला, "माझ्या नावाने ती हजार ठिकाणी खोटी सही करायची, सॉल्वेग. ही एकच तिने सोडली. इथे 'मला माहीत आहे' असं लिहिलंय, आणि मला काहीच माहीत नाही, हे तिला ठाऊक होतं."

सॉल्वेगने भांडं ओव्हनमध्ये ठेवलं. "मग बस वाचत. जेवायला मात्र ऊठ."

शुक्रवार आणि शनिवार तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून राहिला. मेरिटने रोजची नोंद ठेवली होती. कोण कामावर आलं, हवा कशी, किती खोल खणलं, यंत्र चाललं की उभं. एका जागी 'ऑरिन धोंड्यांना नॉर्वेजियनमधून शिव्या देतो आहे' असं होतं. ते त्याला आठवत होतं. यंत्र उभं राहिल्याचे दिवस तिने शेवटी एकत्र मोजले होते. एकोणीस.

त्याने एकेक दिवस बोट ठेवून ताडून पाहिला. अठरा जुळले. सतरावा जुळेना.

दोन सप्टेंबर. 'यंत्र उभं. हवा छान. दोन वॉलआय, एक बरा, एक लहान.'

वॉलआय हा तळ्यातला मासा, तो धोंड्यांखाली सापडत नाही. दोन सप्टेंबर हा त्यांच्या लग्नाचा दिवस. त्या दिवशी ऑरिनने गड्यांना सुट्टी दिली होती आणि दोघं तळ्यावर मासे धरायला गेली होती. लहान मासा मेरिटने परत पाण्यात सोडला होता.

"आपल्या लग्नाच्या वाढदिवसाचं बिल सरकारला लावलंस होय गं," तो मोठ्याने म्हणाला.

रविवारी चर्चनंतर सॉल्वेगला त्याने ते दाखवलं. तिने हात झटकला. "राहू दे की. एका दिवसाने सरकार बुडत नाही."

"पण सही माझी असणार."

ती उठली. मग मेरिटच्या टंकयंत्राशी जाऊन बसली. "सांग आकडा. तू टाइप करायला बसलास तर सोमवार उजाडेल."

नवा आकडा झाला एक लाख चाळीस हजार दोनशे. खाली एक ओळ वाढली. सही ऑरिनने केली. ती वाकडी आली.

सोमवारी सकाळी दोन तास गाडी हाकून तो कार्यालयात पोचला. मिस पेट्रोस्की चाळिशीच्या, ठेंगण्या बाई निघाल्या. त्यांनी कागद उभ्यानेच चाळले, पिवळी चिठ्ठी काढून त्याच्या हातात दिली, आणि ती ओळ वाचून थांबल्या.

"'दोन सप्टेंबर वगळला, कारण त्या दिवशी आम्ही मासे धरायला गेलो होतो.' हे असंच ठेवायचं?"

"खरं आहे ते."

"बावीस वर्षांत असं कुणी लिहून दिलं नाही." त्यांनी तारखेचा शिक्का मारला आणि पोच त्याच्याकडे सरकवली. "आता ही मागणी आहे, मिस्टर हाल्वोरसन. साठ दिवसांत माझा निर्णय येईल, नाहीतर कधी येईल ते कळेल. वचन काही देत नाही. पण बाकीचे अठरा दिवस मी आता जास्त विश्वासाने वाचीन."

गाडीत बसल्यावर त्याने चिठ्ठी खिशातल्या पाकिटात ठेवली. घरी आल्यावर पोच मेरिटच्या खणात ठेवली आणि गड्यांना उद्या कामावर या म्हणून कळवलं.

सरकारचं उत्तर यायचं आहे. मेरिटच्या थडग्यावरच्या दगडासाठी पाथरवटाने धाडलेला कागद टेबलावर आहे. दगडावर काय कोरायचं ते त्यात ऑरिनने लिहून सही करायची आहे. ती अजून केलेली नाही.