लहान बोअरचं काडतूस

डॉक्टर लुंडनी चाप ओढला आणि नुसतं 'खट्' झालं. काडतुसात दारूच नव्हती. तरीही बार उडाल्यासारखी नळी वीतभर खाली झुकली आणि डॉक्टरांचे डोळे घट्ट मिटले.

"पाहिलंत?" त्यांचा शिकारी वाटाड्या बोनिफेस न्जोवू म्हणाला. "मधूनच मोकळं काडतूस भरायला मीच सांगितलं होतं. बार व्हायच्या आधीच तुमचं अंग दणक्याला भितंय. एवढ्या मोठ्या बोअरची रायफल तुमच्या खांद्याला जड आहे."

डॉक्टर ओशाळून हसले. डेन्मार्कहून ते रानरेड्याच्या शिकारीसाठी इतक्या लांब आले होते.

"बंदुकीचा दुकानदार म्हणाला, याहून लहान न्यायचं असेल तर आधी मृत्युपत्र करून ठेवा."

"विचार त्याला, उद्या दुकानदार येतोय का आपल्याबरोबर," माग काढणारा झेब्रन आपल्या न्यांजा भाषेत पुटपुटला. बोनिफेसने ते डॉक्टरांना सांगितलं नाही. त्याने तळावरची तीनशे पंचाहत्तर बोअरची रायफल त्यांच्या हाती दिली.

तिच्या तीनही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत लागल्या. डॉक्टर खुशीत तंबूकडे गेले.

"आता माझी," बोनिफेस म्हणाला.

त्याची दोननळी, पाचशे बोअरची. दरवेळेप्रमाणे झेब्रनने ती भरून दिली. बोनिफेसने झाडाच्या बुंध्यावरच्या कागदावर नेम धरला, श्वास रोखला, चाप ओढला.

खट्.

नळी खाली गेली. डॉक्टरांची गेली होती त्याहून जास्त. त्याने डोळे उघडले, आणि ते मिटलेले होते हे त्याला तेव्हा कळलं.

झेब्रनने पुढे होऊन बंदूक बिजागरीतून उघडली, मोकळं काडतूस काढून खिशात टाकलं. तो साठीचा. बोनिफेसला जनावराचा माग वाचायला त्यानेच शिकवलं होतं.

"काका, हे काय?"

"काही नाही. उद्या तुझ्यापुढे मी चालणार आहे, बॉनी."

एवढं बोलून तो नदीकडे निघून गेला.

त्या दुपारी बोनिफेसला एका जागी बसवेना. त्याने गाडीचे टायर तपासले, पाणी भरलेलं असताना पुन्हा भरलं, मासे करपले म्हणून स्वयंपाक्यावर खेकसला. मासे करपले नव्हते. लुआंग्वा नदीच्या पात्रातले पाणघोडे मध्येच खिदळल्यासारखे ओरडत, आणि दरवेळी तो दचकून वळून बघे.

गेल्या वर्षी एका पाहुण्याने रेडा नुसता जखमी केला होता. गवतातून तो बाहेर आला तेव्हा मागकऱ्यांतला मटेयो वाटेत होता. बोनिफेसची पहिली गोळी दोन पावलांवर मातीत गेली. दुसरीने रेडा पडला, पण तोवर मटेयोच्या पायाचा चेंदामेंदा झाला होता. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. रेडा ऐन वेळी वळला, बोनिफेस तरी काय करणार, असं सगळेच म्हणाले. तोही तेच म्हणाला. मग त्याने आपली जुनी तीनशे पंचाहत्तर पेटीत ठेवली आणि ही पाचशे घेतली. बोअर वाढवला की भीती आपोआप मागे राहील असं त्याला वाटलं होतं. ती मागे राहिली नाही. दणक्याबरोबर तीही वाढली.

संध्याकाळी तो नेमबाजीच्या जागी एकटाच गेला. जुनी रायफल काढली होती. पंधरा वेळा नुसता चाप ओढला, मग पाच गोळ्या झाडल्या. सरावाचा आवाज तळावर गेलाच असणार. कुणी विचारायला आलं नाही.

सकाळी झेब्रनने त्याच्या खांद्यावरची रायफल पाहिली. "चला," म्हणाला.

दहाच्या सुमाराला मोपानीच्या झाडीत म्हातारा रेडा दिसला. डॉक्टरांची गोळी खांद्यामागे बसली. बसल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. पण रेडा पडला नाही. उंच गवतात घुसला. अर्धा तास ते सावलीत बसून राहिले. मरताना रेडा हंबरतो, त्या हंबरण्याची वाट पाहिली. ते ऐकू आलं नाही.

"तुम्ही इथेच थांबा," बोनिफेसने डॉक्टरांना सांगितलं. "काहीही झालं तरी."

झेब्रन वाकून पुढे, त्याच्यामागे तो. रक्ताचे थेंब, मोडलेली काडी, मग काहीच नाही. घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता.

डावीकडचं गवत दुभंगलं. झेब्रन झटकन खाली बसला.

बोनिफेसला सगळं दिसलं. ओलं नाक, कपाळावर सुकलेला चिखल, डोळ्याशेजारी चिकटलेली गोचीड. बार झाला तरी ते दिसतच राहिलं. रेडा गुडघ्यांवर आला आणि तोंडावर कोसळला, झेब्रनपासून सहा पावलांवर.

झेब्रन उठला, कपडे झटकले. "हाक मार," तो म्हणाला. "डॉक्टर घाबरला असेल."

दुपारी मांस गावात पोचवायला बोनिफेस स्वतः गेला. एरवी तो कधी जात नसे. आंब्याखाली मटेयो उलट्या केलेल्या सायकलची साखळी बसवत होता. कुबडी बुंध्याला टेकवलेली होती.

बोनिफेसने मांस खाली ठेवलं. उभाच राहिला.

"मटेयो, गेल्या वर्षी रेडा वळला नव्हता. माझे डोळे मिटले होते."

मटेयोने साखळीची शेवटची कडी दातावर बसवली. चाक फिरवून पाहिलं.

"मी समोरच होतो, बॉनी. तुझं तोंड माझ्याकडेच होतं."

"मग बोलला का नाहीस कुणाला?"

"झेब्रनला बोललो होतो. म्हटलं, बॉनीला स्वतःलाच सांगू दे." त्याने चिंध्यांनी हात पुसले आणि घराच्या दिशेने आवाज दिला, "अगं, नशिमाला मक्याचं पीठ जरा जास्त टाक. माणूस आलाय."

आंब्याखाली दुसरं स्टूल नव्हतं. बोनिफेस मातीतच बसला.