सुंदराबाईंची तीन महिन्यांची माफी

लालबागच्या सुंदराबाईंच्या खानावळीत त्या रविवारी आमटी पुन्हा पातळ झाली होती, आणि या खेपेला कुणी थट्टासुद्धा केली नाही. मंडळी, गिरणीतली माणसं आमटीची थट्टा करायची थांबली, की समजावं, प्रकरण हाताबाहेर चाललंय!

राजाराम कोपऱ्यातल्या पाटावर मान खाली घालून जेवत होता. सुंदराबाई त्याची सख्खी मावशी, बाकीच्यांची मानलेली. तिच्या हातचं खाऊन तो बी.ए. झाला आणि सचिवालयात चिकटला. आज त्याच्या पिशवीत त्यानेच लिहिलेलं एक टिपण होतं. एका परदेशी कंपनीला मुंबईत विजेचे पंखे बनवायचे होते. अशा कंपन्यांनी यावं म्हणून त्यांना पाच वर्षं विक्रीकर माफ करावा, अशी त्यात शिफारस होती. सोमवारी ते साहेबांच्या टेबलावर गेलं, की बढती ठरलेलीच.

हाच प्रयोग या शहाण्याने आधी मावशीवर करून पाहिला होता! समोर दुसरी खानावळ निघाली तेव्हा ती बिचारी घाबरली. हा म्हणाला, "मावशे, नव्या मेंबराला तीन महिने माफी दे. बघ कशी रीघ लागते!" रीघ लागलीच. नवी मंडळी तीन महिने हाणून जेवली आणि चौथा महिना लागताच समोर पळाली, कारण आता समोरचीही माफी देऊ लागली होती. त्यातला बाबुराव तर महिनाभराने मिशी काढून परत आला आणि म्हणाला, "मी बाबुरावचा चुलतभाऊ, नवा मेंबर." मावशीने ओळखलं, तरी वाढलं. पाटावर बसलेल्याला उठवणं तिला कधी जमलंच नाही.

पण हे सगळं भरून कुठून निघायचं? जुन्यांचे दर वाढले आणि आमटीत पाणी वाढलं.

जेवण उरकून दौलत उठला. गिरणीच्या विणखात्यातला हा माणूस चौदा वर्षं इथंच जेवत होता. जुन्या मेंबरांचे तांब्ये फळीवर ओळीने असत, प्रत्येकावर नाव घातलेलं. त्याने आपला तांब्या खाली घेतला आणि पिशवीत टाकला.

मावशीच्या हातातली पळी थांबली. "दौलत, तांब्या का रे घेतलास?"

"निघतो मावशी. पैशांचं दुःख नाही. संपात तू आम्हाला जेवू घातलंस. कर्फ्यू होता तेव्हा मी तुझ्यासाठी खांद्यावरून पीठ आणलं. पण आता आलेला फुकट जेवतो, आणि ते माझ्या ताटातून जातं. मग मी इथला कोण?"

मावशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ती राजारामकडे वळली. "बोल की रे मेल्या! तुझंच डोकं ना हे?"

"मावशे, माणसं यायला हवीत तर काहीतरी द्यावं लागतं," तो चाचरत म्हणाला.

"द्यावं की! पण नुसतं आल्याबद्दल कशाला? दौलत माझ्याकडे का आला होता? भात गरम मिळतो आणि भोंग्याच्या आधी डबा हातात पडतो म्हणून. जो फुकटासाठी येतो, तो फुकट संपलं की जातो. द्यायचंच तर जो टिकेल, चुलीला चार लाकडं आणील, त्याला दे. आणि जुन्या-नव्याला माप एकच ठेव!"

 राजारामने पिशवीतलं टिपण काढलं आणि त्यात काय लिहिलंय ते सगळ्यांना सांगून टाकलं.

दौलत दारातच थांबला. "म्हणजे परदेशी पंख्याला माफी, आणि परळचा आपला गंगाधर शेडमध्ये पंखे जोडतो, त्याने कर भरायचा?"

राजाराम टिपण चाळू लागला, तसा दौलत पुढे म्हणाला,

"राजा, मुंबईसह आपलं राज्य हवं म्हणून आम्ही नरे पार्कातल्या सभांत घसा फोडतोय. ते आलं, तर त्या राज्याची आमटी कशावर शिजवणार रे?"

अरे देवा! इतके दिवस कागदावर मान मोडली, आणि हे कसं सुचलं नाही! राजारामने ताट सारलं, हात धुतला आणि तिथंच कागद उलटा करून लिहायला घेतलं. कंपन्यांनी जरूर यावं. पण सूट मिळेल ती यंत्रं बसवायच्या आणि इथल्या माणसांना काम शिकवायच्या खर्चापुरती. देशी, परदेशी दोघांना सारखीच. आणि पाच वर्षांच्या आत गाशा गुंडाळला, तर घेतलेली सूट परत.

"आणि नाव बदलून आला तर?" पलीकडच्या पाटावरून बाबुराव म्हणाला, आणि स्वतःच जीभ चावली.

"तेही कलम घालतो, तुझ्यावरूनच सुचलं!" राजाराम म्हणाला. खानावळ कितीतरी दिवसांनी खदखदून हसली.

सोमवारी साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. बढती लांबली ती लांबलीच, पण टिपण त्यांनी सही करून वर धाडलं. मावशीने तीन महिन्यांची माफी त्याच दिवशी बंद केली. वर्षभर टिकेल त्याला, नवा असो की जुना, दिवाळीचा महिना तिच्यातर्फे. बाबुरावने निमूटपणे पैसे भरले आणि मिशी पुन्हा वाढवायला घेतली.

नागरिक बंधुभगिनींनो, परक्या पाहुण्याला पाट जरूर मांडा, हसून मांडा. पण आपल्या माणसाच्या ताटातलं काढून त्याला वाढू नका. त्याने घर टिकत नाही, आणि राज्यही उभं राहत नाही.

पुढच्या रविवारी दौलत आला. त्याने आमटीत बोट बुडवून पाहिलं आणि पिशवीतला तांब्या काढून फळीवर आपल्या जागी ठेवला.